एक टाचणी, बावीस पायऱ्या

"बाई, पॅडल कुटं हाय तेच पायाला कळंना."

नऊ वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, खिडकीजवळच्या सहाव्या मशीनवरून हे वाक्य माझ्या कानावर आलं होतं. समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक आदरणीय मल्लिनाथअण्णा, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सुंदरम्माअक्का, त्यांचे यजमान बसप्पामामा, कन्या काव्या, आणि मशीन बंद करून जमलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो, सुरुवात अशी केली म्हणून सांभाळून घ्या. रीतीचं भाषण मी लिहून आणलं होतं. ते पर्समध्येच राहू दे.

आत्ताच अण्णांनी माझं कौतुक केलं. "या सुपरवायझरबाईंनी वेळेवर दवाखान्यात नेलं, म्हणून सुंदरम्मा आज आपल्यात आहेत." टाळ्या झाल्या. अक्कांनीही वाजवल्या. अण्णा, राग मानू नका, पण हे खरं नाही. नऊ वर्षं मी हे ऐकत आले. दरवेळी मान खाली घातली आणि तुम्हाला तो माझा विनय वाटला.

मे महिना होता. शाळांच्या ड्रेसचा सीझन कसा असतो, हे तुम्हाला मी काय सांगू? आदल्या आठवड्यात निम्म्या हॉलला ताप येऊन गेला होता. अक्कांनाही आला, उतरला. बुधवारी त्यांच्या कॉलरची शिवण वाकडी पडायला लागली. मी तीन कॉलर उसवायला लावल्या. तेव्हा त्या पॅडलचं बोलल्या. वर म्हणाल्या, "कमरेला पट्टा आवळल्यागत होतंय. घरी जाऊ का?"

शुक्रवारी दुधनीला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. आणि सुट्टीसाठी कोण काय सोंग करतं हे मला बरोबर कळतं, असा तेव्हा माझा फार भरवसा. मी म्हटलं, "अक्का, लग्नाची साडीच नेसून यायचं होतं की!" सगळ्या हसल्या.

पाय झोपला की शेजारणीनं टाचणी टोचायची, तिनं ओरडायचं, बाकीच्यांनी हसायचं, ही आपल्या हॉलची जुनी रीत. मी खाली बसले. मनगटावरच्या गादीतली टाचणी काढली आणि अक्कांच्या तळव्याला टोचली. त्या हलल्या नाहीत. मी आणखी दाबली. रक्ताचा थेंब आला. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, टाचणी लागली का हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचं असल्यासारख्या. आणि मी काय म्हणाले? "बघा गं, पापणीसुद्धा लवत नाही. नाटक कंपनीत जा, अक्का."

मग म्हणाले, "जायचं तर जा. मशीन सोडून सोबत कुणी येणार नाही." आपल्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. अक्का कठडा धरून, एकेका पायरीवर बसत उतरल्या. मी वरून बघत होते.

गुरुवारी त्यांचे पाय पूर्ण गेले, लघवी अडली. शुक्रवारी, लग्नाच्याच दिवशी, मामांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. मी रविवारी गेले, अर्धा डझन केळी घेऊन. मी केलं ते इतकंच, की विम्याच्या कागदावर सही केली. त्या सहीचीच पुढे गोष्ट झाली.

मी तिथं असतानाच डॉक्टर आले. त्यांच्या हातातही टाचणीच होती. पावलापासून वर टोचत जायचे आणि विचारायचे, "कळतंय?" अक्का म्हणायच्या, "न्हाय." पार बेंबीपर्यंत "न्हाय." बाहेर येऊन त्यांनी समजावलं, तापाच्या विषाणूमुळे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आहे. पायाचं मेंदूला कळत नाही, मेंदूचं पायाला. मी भीत भीत विचारलं, बुधवारीच आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. सांगता येत नाही."

त्या 'कदाचित'वर मी नऊ वर्षं राहते आहे.

अक्का चौदा महिन्यांनी काठी घेऊन परत आल्या. पॅडलवर पाय पुन्हा ठरला नाही. खालच्या मजल्यावर बसून हातानं काज-बटण करू लागल्या. एकदा मी धीर करून त्यांच्याजवळ बसले, विषय काढला. त्या म्हणाल्या, "बाई, काज वाकडं होतंय. गप बसा की." तेवढंच आमचं बोलणं.

आता त्या दुधनीला ब्लाउजचं दुकान घालणार आहेत. अक्का कापतील, काव्या शिवेल. काव्या, आईच्या कात्रीवर डोळे मिटून विश्वास ठेव. आणि ती दुखतंय म्हणाली, तर त्यावरही.

आयोजकांचे, आणि हे मुकाट्यानं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलताना कुठं चुकलं असेल तर पोटात घाला. जे तेव्हा चुकलं, त्याची माफी मी इथं भरल्या हॉलमध्ये मागत नाही. चार माणसांत अक्कांना 'असू दे' म्हणावं लागेल, आणि ते मला नको.

फक्त एक मागणं आहे. चहा झाला की अक्का जिना उतरतील. इथं वर कार्यक्रम झाला की दरवेळी मी हात पुढे करते आणि त्या म्हणतात, "ऱ्हाऊ द्या बाई, कठडा हाय की." आजही तेच म्हणतील, मला ठाऊक आहे. तरी विचारते. अक्का, आज शेवटचं उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवाल?