तुळशीचा उपास

आमच्या काकीच्या तुळशीची गोष्ट सांगितली का तुम्हाला? आमच्या गावी, मोंतान्य ब्लांशला, काढ्यासाठी तिनं अख्खा वाफा लावला होता. क्युरपिप शहराहून शेतीखात्याचे साहेब फवारणी दाखवायला आले. सगळा गाव जमला.

साहेब म्हणाले, "पानांच्या खाली बारीक तोंडं असतात. तिथं खत फवारलं की तुळस जोमानं फुटते."

त्यांनी पंप उचलला, तशी काकी आडवी आली. "आज नको. एकादशी आहे, तुळशीचा उपास."

"अहो काकी, मुळाला कुठं देतोय? नुसतं पानांवर!"

"तोंडं तिथंच ना?"

लोक हसायला लागले. साहेबांनी पंप खाली ठेवला. शेवटी हळूच म्हणाले, "मग उपासाला चालेल असं काही?"

काकीनं दूध आणलं. साहेबांनी मुकाट्यानं वाफाभर दूध फवारलं आणि निघताना अगदी गंभीरपणे विचारलं, "उद्या पारणं किती वाजता?"