तिसरा खाडा

—छे छे, ‘गौरवशाली’ वगैरे लिहू नकोस बाई, लोक हसतील. शंभर वर्षांत आम्ही जेवढे सामने जिंकलो त्यापेक्षा दोनशे अकरा जास्त हरलो. मी मोजलेत. मोजणार कोण दुसरं? एकोणपन्नास वर्षं या जिममध्ये स्कोअरबुक घेऊन मीच बसलोय, वर्लिन ऑग्डेन, आणि खेळणाऱ्यांपेक्षा माझ्या पेन्सिलीला घाम जास्त यायचा. बस ना, त्या टॉवेलच्या टोपलीवरच बस, धुतलेले आहेत. आणि मला ‘सर’ म्हणू नकोस, मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही. मॅरेन ना तुझं नाव? प्रसिद्धी विभागातली? हां. ते रेकॉर्डिंगचं यंत्र चालू आहे का? असू दे, असू दे, मला काय, माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे.

तर इतिहास. सॉल्ट फोर्क ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, पुरुषांचा बास्केटबॉल. सुरुवात कुठे झाली माहितीये? चॅपलच्या तळघरात. पहिला कोच कोण? ग्रीक शिकवणारा मास्तर! का तर नियमांचं पुस्तक वाचायला त्याच्याकडेच वेळ होता. तळघराचं छत एवढं खाली की चेंडू उंच टाकायची सोयच नाही, वर तुळईला आपटायचा, म्हणून आमची पोरं चेंडू सरळ भाल्यासारखा फेकायला शिकली. घरच्या सामन्यांत आम्हांला कुणी हरवू शकायचं नाही, कारण पाहुण्यांचा प्रत्येक चेंडू तुळईला. आणि बाहेर गेलो की आम्ही कुणाला हरवू शकायचो नाही, कारण तिथे छत असायचं आभाळाएवढं आणि आमचे भाले जायचे प्रेक्षकांत. चड्ड्या गुडघ्याखाली, सभ्यपणा म्हणून. रविवारी खेळायचं नाही, तो देवाचा वार. बुधवारी संध्याकाळी नाही, प्रार्थनासभा. आणि टीमचं नाव ‘ग्लीनर्स’. बायबलातली ती रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते ना, त्यावरून. सरवा वेचणारे! दुसरी कॉलेजं वाघ-सिंह-गरुड, आणि आम्ही खाली पडलेली कणसं गोळा करणारे. पण नाव बरोबर होतं हो. मोठ्या कॉलेजांनी नको म्हटलेली पोरंच आमच्याकडे यायची. कुणी बुटका, कुणी गुडघा मोडलेला, कुणी माझ्यासारखा — म्हणजे काहीच न येणारा.

हो, मी खेळायचो. हसलीस? हस. सगळे हसतात. म्हणजे ‘खेळायचो’ हा शब्द जरा मोठा झाला. टीममध्ये होतो. पाच फूट नऊ इंच, डावा हात नुसता शोभेचा. कोच ट्रॉयर म्हणायचा, वर्लिन, तुझ्यासारखी टाळ्या वाजवणारी माणसं मिळत नाहीत रे. तो ते कौतुकानेच म्हणायचा, मीही ते कौतुकानेच घ्यायचो. आई दर रविवारी फोनवर विचारायची, या आठवड्यात खेळलास का रे? आणि मी म्हणायचो, जवळजवळ.

लायल? हो, लायलबद्दल विचारणारच तू. सगळे येतात ते त्याच्याचसाठी. हे काय, पत्र? लायलचं? — ठेव तिकडे. चष्मा नाही माझ्याकडे. हा? हा लांबचा आहे. ठेव म्हटलं ना, मग बघू.

लायल प्रुएट. सहा फूट सात इंच. तेलाच्या विहिरींवर राबणाऱ्या बापाचा पोरगा, आमच्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे शर्ट दोन आणि बूट एक जोड. शंभर वर्षांत आम्हांला मिळालेलं एकमेव अख्खं कणीस म्हण. चेंडू हातातून सोडायचा ना, तेव्हा आवाजच व्हायचा नाही, जाळी फक्त हलायची. आणि गर्व? नावाला नाही. फी भागावी म्हणून पहाटे चार वाजता चॅपलच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. माझ्यावर जीव होता त्याचा. का होता देव जाणे. बसमध्ये आपल्या शेजारी मलाच बसवायचा. म्हणायचा, तू बडबड, मला झोप लागते.

आता चॅपलचं सांगतो, कारण तुमच्या वेळी तो नियम राहिला नाही, तुम्ही फोनवर बोट टेकवता आणि हजेरी लागते. तेव्हा आठवड्यातून तीनदा सकाळी दहाला अख्ख्या कॉलेजने चॅपलमध्ये बसायचं. प्रत्येकाची जागा ठरलेली, आडनावाप्रमाणे, जागेला नंबर. आणि वर गॅलरीत एक विद्यार्थी तक्ता घेऊन. जागा भरलेली — काही नाही. जागा रिकामी — फुली. एका सत्रात तीन खाडे झाले की खेळाडूने पुढचा सामना खेळायचा नाही. कोण आहेस, केवढा आहेस, काही नाही. आणि तो वर बसणारा विद्यार्थी? मीच की! खेळात नाही तर नाही, फुल्या मारण्यात माझा हात कुणी धरला नसता.

चौऱ्याहत्तर साल, फेब्रुवारी. त्या वर्षी लायलच्या जिवावर आम्ही चक्क जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. जिंकलो असतो तर कॅन्सस सिटी, राष्ट्रीय स्पर्धा, मोठ्या टीमची माणसं पोरं हेरायला येतात तिथे. लायलची चौकशी आधीच झालेली, दोनदा फोन आले होते कोचला. लायलचे दोन खाडे आधीचे होते, खरेखुरे, पहाटेचं काम करून झोप लागायची बिचाऱ्याला. मंगळवारी सामना, आणि सोमवारी सकाळच्या चॅपलला त्याची जागा, एकशे चौदा, रिकामी. तिसरा खाडा. मी फुली मारली, तक्ता डीन व्हिटकॉमच्या टेबलावर ठेवला, लायल बाहेर. आम्ही हरलो. एका गुणाने, साठ-एकसष्ट. पुढच्या सोमवारी अध्यक्षांनी प्रवचन दिलं — आपण सामना गमावला, शब्द नाही गमावला. वर्तमानपत्रांत आलं. पत्रं आली, देणग्या आल्या, ही जिम त्यातनंच उभी राहिली. बाकी काय आहे आमच्या इतिहासात? तुळई, चड्ड्या आणि ही एक गोष्ट. दर वर्षी नवी पोरं आली की त्यांना सांगतात, आणि मग सांगणारा म्हणतो, तो हजेरी घेणारा विद्यार्थी आज इथे आहे! मग मी उठून उभा राहतो, हात हलवतो, टाळ्या. एकोणपन्नास वर्षं टाळ्या. खेळून एक मिळाली नव्हती.

शनिवारी शताब्दीच्या कार्यक्रमात माझ्या नावाची पाटी लावताय, तिच्यावर काय लिहिलंय म्हणालीस? ‘ज्याने आपल्या मित्रालाही सूट दिली नाही.’ — हं. पितळेची? हं. छान. लायलही येतोय? हो, आमंत्रण दिलंय ते माहीत होतं, येईलसं नव्हतं वाटलं. नाही, नाही भेटलो कधी. दोन तासांवर राहतो, शाळेची बस चालवायचा. एकदा दिसला होता, किराणा दुकानात, बारा-तेरा वर्षं झाली. मी कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांमागे उभा राहिलो तो जाईपर्यंत. आमच्याकडे कुत्रा नाही. दुकानातल्या बाईने विचारलं काय हवंय, तर एक पोतं घेऊन आलो घरी. बायको अजून विचारते.

काय? पत्र पाटीशेजारी लावायचंय? मग वाच तूच. मोठ्याने वाच, इथे ड्रायरचा आवाज असतो.

— परत वाच. तेवढीच ओळ.

‘त्या सोमवारी मी चॅपलला नव्हतोच. वर्लिनने केलं ते बरोबर केलं, त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलू नये.’ — असं लिहिलंय? त्याच्या हाताने? दाखव. तेच वाकडं अक्षर. नव्हतोच म्हणे! नव्हता कसा? दारात उभा होता की चांगला, हात वर केला मला, आणि मी पण —

काही नाही. काही नाही म्हटलं ना. टॉवेल दे तो.

अशी बघू नकोस, पोरी. — बरं, ऐक. नाहीतरी तोंडातून गेलंच आहे. व्यासपीठाच्या मागे, ऑर्गनच्या नळ्यांआड, तळघराचा दरवाजा होता. खालून कुणाला दिसायचा नाही. गॅलरीतून दिसायचा, तोही माझ्याच खुर्चीतून. त्या दिवशी बॉयलर बिघडला होता, लायल चारपासून खाली, डोक्यापासून पायापर्यंत कोळसा. तसा येऊन बाकावर कसा बसणार? बाकांना नवीन निळी गादी घातलेली होती त्या महिन्यात. म्हणून दारात उभा राहिला. अख्खी वेळ. चारही गाणी म्हटली. आणि शेवटच्या प्रार्थनेनंतर वर बघितलं, मला हात केला — आलोय बरं का, मांड. आणि मी काय केलं? मीही हात केला. हसून. आणि मग खाली बघून एकशे चौदावर फुली मारली.

का म्हणजे? हेच तर सांगायला लाज वाटते. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, एखादी पोरगी, जुनं वैर. जर्सी! त्या स्पर्धेत दहाच जणांना जर्सी घालून बसता येणार होतं आणि मी अकरावा. आणि आई-बाबा येणार होते, चार तास गाडी चालवत, दूध काढायला शेजाऱ्याला सांगून. मी तिला फोनवर सांगून बसलो होतो, या वेळी नक्की. बस, एवढंच. बाकावर बसायला! खेळायला पण नाही. माणसाने एखाद्याचा गळा कापावा तो निदान राज्यासाठी तरी, मी कापला बाकासाठी.

डीनने दोघांना समोरासमोर उभं केलं. लायल म्हणाला, मी दारात होतो सर, वर्लिनला विचारा. डीन माझ्याकडे वळला. मी म्हणालो, जागा रिकामी होती, सर. खोटं बोललो का? नाही! जागा रिकामीच होती. हे वाक्य मी वर्षानुवर्षं मनात घासूनपुसून ठेवलंय, आजही लखलखीत आहे. लायलने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही गं. रागाने बघितलं असतं तर मी कधीच मोकळा झालो असतो. चुकलेला हिशेब परत तपासतो ना माणूस, तसं बघितलं. मग म्हणाला, वर्लिन म्हणतो ना, मग तसंच असेल. आणि संध्याकाळी जर्सी घेऊन माझ्या खोलीवर आला. जादा जर्सी नव्हतीच, त्याचीच मला घालायची होती. धुऊन, घडी घालून आणली होती. म्हणाला, आई येतेय ना तुझी.

गुडघ्यापर्यंत यायची मला ती. चड्डीत खोचली तर चड्डी फुगली. आई म्हणाली, शोभतेय हो. आणि देवाची गंमत बघ, आमचे चौघे पाच-पाच फाउल होऊन बाहेर गेले, एकाचा पाय मुरगळला, आणि शेवटच्या मिनिटाला कोचने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि नाइलाजाने माझ्याकडे. नऊ सेकंद उरलेली, एका गुणाने मागे, आणि समोरच्या बैलाने मलाच धक्का दिला. दोन फ्री थ्रो. पहिला रिंगच्या कडेला आपटून परत माझ्याकडेच आला, घे बाबा म्हणत. दुसरा कशालाच लागला नाही. जाळी नाही, कडा नाही, फळी नाही. पहिल्या रांगेतल्या पाळकसाहेबांच्या मांडीवर जाऊन पडला. स्कोअरबुकमध्ये लिहिलेलं आहे, जाऊन बघ: ऑग्डेन, दोन पैकी शून्य. त्या एका गोष्टीत तरी मी खरं नोंदवलेलं आहे.

एप्रिलमध्ये लायल कॉलेज सोडून विहिरींवर गेला. मोठ्या टीमचे कोचला फोन येणं बंद झालं. मी पदवी घेतली, इथेच चिकटलो. लोक म्हणतात, काय निष्ठा! कसली निष्ठा, दुसरीकडे कुणी टाळ्या वाजवल्या असत्या का?

आणि हा माणूस लिहितो, मी नव्हतोच. एवढ्या वर्षांनी, स्वतःच्या हाताने, स्वतःवर खोटा खाडा लावून घेतो. कशासाठी? शनिवारी माझी मान खाली जाऊ नये म्हणून! अगं, मला त्या टाळ्यांची लाज नव्हती वाटत इतकी वर्षं, हे तुझ्यासमोर कबूल करतो. सवय झाली होती. पण हे पत्र — नाही, हे नाही सहन होत मला.

पुसता येईल? म्हणजे ते यंत्रातलं? एका बोटाने? — चांगली आहेस तू. म्हाताऱ्याची दया आली तुला. आणि खरं सांगू, माझं बोट शिवशिवलं आत्ता. पूस म्हणणारच होतो. मग शनिवारी लायल आणि मी, हातात हात, फोटो, पाटी, वर त्याचं पत्र चौकटीत. किती सोपं आहे. माझ्या आयुष्यात सगळ्या वाईट गोष्टी सोप्याच होत्या.

नको. राहू दे. पत्राखाली त्याचा नंबर आहे ना? वाच. थांब, तो फोन दे इकडे, भिंतीवरचा, दोरी पोचते. — सहा, दोन, शून्य — पुढे? — हळू सांग. हो, झाला. वाजतोय. नाही, काय बोलणार ते ठरवलेलं नाही, ठरवलं तर परत लखलखीत काहीतरी निघेल. तू ऊठ आता. यंत्र घेऊन जा, त्यातलं सगळं तुझ्या साहेबांना ऐकव, पाटीचं काय करायचं ते करू दे त्यांना. ऊठ ना. वाजतोय अजून. विहिरीवर बहिरा झाला असेल, नाहीतर झोपला असेल, दुपारी म्हातारी माणसं —

हॅलो. लायल? — वर्लिन. — वर्लिन ऑग्डेन. — हो, आलंय पत्र. आत्ताच वाचलं. लायल, ते — एक मिनिट धर. पोरी, जा म्हटलं ना.