सात-सोळाचं माप

आमचं गाव खटाव तालुक्यातलं, बाप सुतार, बैलगाडीची चाकं करायचा, लोखंडाची धाव लालबुंद तापवायची, लाकडावर चढवायची आन् वरनं पाणी मारायचं की ती आवळून बसायची, त्ये बघत म्या मोठा झालो. पण हातात कसब उतरलं न्हाई. मंग फौजेत गेलो, ड्रायव्हर झालो, आन् बाप म्हणाला, बरं झालं, चाकाशी संबंध ऱ्हायला.

शेवटची बदली चंडीमंदिरला, पार उत्तरेतल्या छावणीत. तिथनं पेन्शनीत आलो तवा पोरगं इथल्या शाळेत रमलेलं, माझी बायको सुमन म्हणाली, आता कुठं उचलाउचल करायची, ऱ्हाऊ इथंच. तिथनं जवळच मनीमाजऱ्यात दोन खोल्या घेतल्या भाड्यानं आन् एका मोठ्या दवाखान्यात जीपवर लागलो. डोंगराच्या पायथ्याच्या गावांत लस टोचायला, पोटुशी बायका तपासायला डॉक्टर जायच्या, त्यांची जीप. डॉक्टरबाई आपल्याच, पाटणकर, नाशिकच्या. पहिल्या दिवशी मला मराठीत म्हणाल्या, माने, जेवलात का, आन् काय सांगू ताई तुम्हाला, ड्युटीवर कुणी असं इचारत न्हाई.

तर त्यो रस्ता. रस्ता कसला, डोंगरातनं उतरणारे ओढे हायेत, त्यांना हिकडं चो म्हणतात, वर्षाचे नऊ-दहा महिने नुसती वाळू आन् गोटे, आन् पावसात तासाभरात पाणी. आमच्या जीपला कंपनीचे बारके टायर, सहा-सोळा, म्हंजे सहा इंच रुंद आन् सोळा इंची रिम. वाळूत शिरली की खाली बसायची. म्या फावडं घेऊन उकरतोय, बाई साडी खोचून मागनं ढकलतायत, आन् लशीच्या पेटीतला बर्फ पाणी होतोय. असं एकदा एका गावात पोचलोच न्हाई, तिथं एक बाई अडलेली व्हती, बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी पाटणकर बाई मला म्हणाल्या, माने, ह्या चाकांचं काहीतरी करा.

तसा म्या करतारसिंगकडं गेलो. त्याचं टायरचं दुकान आमच्याच बाजारात, फौजेच्या लिलावातले टायर आणायचा, माणूस उंच, बोलणं कमी. म्या गेलो ते ठरवूनच, साडेसात-सोळा पायजे, पाची टायर, मोठ्यात मोठा. त्यो म्हणाला, फौजी, नहीं चलेगा. म्या म्हणालो, वाळूत रुंद टायर वर तरंगतो, फौजेत चालवलंय म्या. त्यानं वाद घातला न्हाई. म्हणाला, गाडी उद्या आण.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुढच्या दोन चाकांना साडेसातचे टायर चढवले, आन् ओली माती घेऊन मडगार्डच्या आतनं आन् स्प्रिंगच्या पट्ट्यांवर अशी थापली, जशी बाया चूल सारवतात. म्हणाला, जा, त्या खड्ड्यातनं फुल मोड मारून ये. आलो. खाली वाकून बघतोय तर समदी माती खरवडलेली, टायर दोन्हीकडं घासत व्हता. वर त्यानं समजावलं की तुझी रिम बारकी, त्यावर येवढा टायर फुगून बसतो, तिरक्या जागी रिमवरनं निसटंल, इंजिन पहिल्या गिअरातच दमंल, आन् उतारावर ब्रेक कमी पडंल. तुझ्यासंगं डॉक्टर असते, म्हणाला.

मंग सात-सोळा चढवले, पुन्हा माती थापली, पुन्हा खड्डा. माती जशीच्या तशी. जीप बोटभर वर उचलली गेली, तेवढीच. आन् एक शिकवलं, वाळू आली की उतरायचं, चारी चाकांची हवा निम्म्यावर आणायची, टायर पसरतो, पल्याड गेलं की हातपंपानं पुन्हा भरायची. पक्क्या सडकेवर कमी हवेनं चालवलीस तर टायरची बाजू फाटंल, मंग माझ्याकडं येऊ नकोस. म्या मनात रुसलोच व्हतो, ताई, खोटं कशाला बोलू, मला साडेसातच पायजे व्हता. पण त्या दिवसापास्नं जीप कुठं बसली न्हाई. आन् म्या रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात बसायला लागलो. सुमन त्याच्या घरी भाकरी शिकवायला जायची, त्याची बायको, भाभीजी, आमच्याकडं मोहरीच्या पाल्याचं साग आणायच्या, करतारसिंग आमच्या दारात आला की मराठीत म्हणायचा, बसा, आन् स्वतःच बसायचा.

पण त्ये दिवस तसे निवांत नव्हते, अतिरेक्यांचा काळ व्हता. नाक्यानाक्यावर तपासणी, कधी कर्फ्यू, बाजारात पगडीवाला दिसला की लोकं आवाज बारीक करायचे, आन् पगडीवाल्यांना त्ये कळायचं. करतारसिंगला दोन्हीकडनं भीती. जी माणसं बंदूक घेऊन फिरत व्हती त्यांना ह्यो केस राखलेला शीख असून बिगरशिखांत बसतो म्हणून राग, आन् पोलिसांना ह्यो शीख म्हणून संशय. त्यो कधी बोलला न्हाई. दुकान लवकर बंद करायचा, तेवढंच.

एका मंगळवारी आम्ही लसी टोचून दुपारी परत आलो तर भाभीजी दुकानापुढं उभ्या, शटर अर्धं खाली. त्यांनी सांगितलं, सकाळी पोलीस आले आन् घेऊन गेले. कुठंतरी एका ओढ्याच्या काठाला गोळीबार झाला व्हता, पळून जाणाऱ्या गाडीच्या चाकांचे माग ओल्या वाळूत मिळाले, आन् कुणीतरी सांगितलं, असले मोठे टायर करतारसिंग बसवतो, मागं एका जीपला बसवलेत. ती जीप म्हंजे आमची.

म्या बाईंना म्हणालो, तुम्ही घरी जा. बाई खाली उतरल्याच न्हाईत. म्हणाल्या, चौकीवर घ्या.

चौकीचा इन्स्पेक्टर वाईट न्हवता, थकलेला व्हता, डोळे लाल. त्याच्या टेबलावर एक काठी, मागाच्या रुंदीयेवढी कापलेली. म्या सलाम ठोकला, फौजेचा नंबर सांगितला आन् म्हणालो, साहेब, ती काठी माझ्या टायरला लावा. बाहेर आले, लावली. काठी बोटभर जास्त. मला वाटलं सुटलो. पण त्यो हुशार, म्हणाला, हवा कम करो तो टायर फैल जाता है, है ना? बाई माझ्याकडं बघायला लागल्या. म्या म्हणालो, व्हय साहेब, पसरतो. मंग तुमच्यासमोरच कमी करतो.

अंगणात पाणी शिंपडलं, चारी चाकांची हवा सोडली, आन् जीप त्या चिखलावरनं पुढं घेतली. इन्स्पेक्टर स्वतः उकिडवा बसला. काठी ठेवली. अजून अर्धं बोट जास्त. त्यानं चार जागी ठेवून बघितली.

आन् म्या उभ्या उभ्या त्या काठीकडं बघत व्हतो, कारण मला कळलं व्हतं ती काठी कुठल्या टायरची. साडेसातची. म्या हट्ट सोडला नसता, आन् त्यानं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून ऐकलं असतं, तर ती काठी आमच्या मागावर बरोब्बर बसली असती, आन् मंग कुणी काय ऐकलं असतं? म्या त्ये त्या दिवशी कुणाला सांगितलं न्हाई. बाईंनी कागदावर लिहून दिलं, माझ्या जीपचे टायर मीच बसवून घ्यायला सांगितले, खाली सही केली, दवाखान्याचा शिक्का मारला. इन्स्पेक्टर म्हणाला, ले जाओ.

करतारसिंग आतनं आला तवा पगडी हातात व्हती. केस सुटलेले. येवढ्या वर्षांत त्याला तसं कुणी बघितलं नसंल. म्या पाठ फिरवली, बाईंनीही फिरवली. त्यानं भिंतीकडं तोंड करून पगडी बांधली, एकेक पेच नीट, घाई न्हाई. आम्ही तिघं जीपमधे बसलो. त्याच्या गालावर वळ व्हता. सडकेला लागलो, फर्लांगभर गेलो असू, आन् त्यो म्हणाला,

फौजी, हवा भरी?

म्या विसरलो व्हतो. गाडी बाजूला घेतली. म्या पंप मारतोय, आन् त्यो मार खाल्लेला माणूस खाली बसून एकेक टायरला गेज लावतोय, थोडी और, थोडी और, बस. चौथ्या चाकाला मला रडू फुटलं. त्यानं माझ्या हातातनं पंप घेतला आन् उरलेली हवा स्वतः भरली.

त्याचं पोरगं पुढं कॅनडाला गेलं, बोलावत व्हतं, ह्यो गेला न्हाई. पाटणकर बाई बदलून गेल्या, दिवाळीला फोन करतात. सुमन गेली, भाभीजी गेल्या. माझी नातवंडं माझं मराठी समजतात आन् हिंदीत उत्तर देतात, चालायचंच. पुतणे म्हणतात, काका, गावी या, घर हाय, तिकडं तुमचं कोण हाय आता. जातो म्या, आठ दिवस ऱ्हातो, आन् परत येतो.

करतारसिंगला आता दिसत न्हाई. रोज सकाळी म्या जातो, हाताला धरून गुरुद्वाऱ्यात नेतो, आणतो, चहा करतो. माझी छाती दुखती, डॉक्टर म्हणतो जपा. म्या वर बघून येकच मागतो, ताई, त्याला माझ्या आधी घेऊन जा. लोकांना वाटतं, ह्यो कसलं वंगाळ मागतोय. पण माझ्यामागं त्यो दाराशी बसून वाट बघत ऱ्हाईल, त्याला कोण सांगंल म्या का आलो न्हाई? त्यो आधी जाऊ दे, सुखानं जाऊ दे. म्या आपला चार दिवस जास्त काढीन.