जिनं पाणी घेतलं न्हाय तिचं ऐकलं

माझं माहेर गुंजी. खानापूरच्या पुढं, रानाकडंला. गावात रेल्वे टेसन हाय, पर आम्ही गाडीत बसलो कमी आणि बघितली जास्त. शाळा सातवीत सुटली, सुटली म्हणजे काय, आई दुसऱ्याच्या भातात भांगलायला जायची आणि धाकट्यांना बघायला घरात कोणतरी पायजे, मग ती मी. लग्न होऊन निपाणीला आले, लई लांब पडलं. तुम्ही लिहून घ्या ताई, पर माझं नाव घालू नका, कोण वाचतंय आणि काय अर्थ काढतंय, माणसाचा भरवसा न्हाय.

निपाणी म्हणजे तंबाखू. सासू वखारीत तंबाखू निवडायला जाती, मी घरात विड्या वळते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पोट वाढलं तरी सूप तिथंच, नुसतं जरा पुढं सरकवायचं. आमचे मालक, म्हणजे नवरा, हमाली करून आले की त्याच खोलीत विडी वढत बसायचे. आणि मिसरी. आमच्या गुंजीला राखेनं दात घासायचे, इथं तव्यावर तंबाखू भाजून, कुटून मिसरी करतात, बायका उठल्यासुटल्या दाताला लावतात. माझी दाढ दुखाय लागली तवा आत्तीनं, म्हणजे सासूनं, माझं डोकं मांडीवर घिऊन स्वतःच्या बोटानं लावली. खोटं कशाला बोलू, परक्या गावात आईसारखं तिनंच केलं, तिचे उपकार हाईत.

पयली मुलगी सातव्या म्हैन्यात आली. काचेच्या पेटीत ठेवली, आणि तिथंच गेली. दवाखान्यात विचारलतं, तंबाखू खातीस काय, विडी वढतीस काय. न्हाय म्हटलं. त्याच सकाळी वॉर्डाच्या नळावर मिसरी लावून आलते, पर ती काय खायची वस्तू हाय? दात घासतोय आम्ही. मग एक बाई दुसरीला कन्नडात म्हणाली, ह्यांच्या वस्तीतलं असंच, दिवस भरतच न्हाईत ह्यांचे. मला कळत न्हाय असं वाटलं असंल तिला. कन्नड येतंय की मला. तवापासनं पांढरे कपडे दिसले की संशयच येतोय, आपलं पोर शेवटी बघितलं काय, दुसऱ्याचं आधी घेतलं काय. खरंखोटं कुणाला विचारू.

औंदा परत दिवस गेले. घरोघर फिरणारी सरकारी आशा, तिला आम्ही आक्का म्हणतो, ती याय लागली. उंबऱ्याच्या आत येत न्हवती. दारातनं भिंतीवरचा बुद्ध दिसतो, तिलाबी दिसला असणार. मी मुद्दाम पाणी पुढं केलं, बघू म्हटलं. बेडा, नको, आत्ताच पिऊन आले. दुसऱ्या खेपेला चहा. बेडा, पित्त हाय. पलीकडच्या गल्लीत मात्र बशी तोंडाला लावलेली म्या ह्या डोळ्यांनी बघितली, तिथं कसं पित्त न्हवतं.

आणि हीच बाई मला म्हणती, मिसरी सोड, ती तंबाखूच हाय, पोरापातूर जाती. मालकाला विडी भाईर वढू दे, सूप मांडीवरनं काढ, दुपारी जरा आडवं हो, काळजीनंबी पोर लवकर येतंय. आडवं हो म्हणं, विड्या तू वळणार काय. पाण्याला इटाळ आणि शिकवायला पुढं. आत्तीला सांगितलं तर ती म्हणाली, तिचं काय ऐकतीस, मिसरी सोडलीस तर पोटात वारा धरंल, आणि आमच्यात एखादं जातंच गं, माझं न्हाय काय गेलं.

जातंच. काय सांगू तुम्हाला, विडी वळताना हाताला पान आणि डोक्यात तेच. माझ्या आईचं एकबी पोर दिवसाआधी आलं न्हाय. जात तीच, गरिबी तीच, उलट तिकडं जास्तच. मग आमच्यात म्हणजे कुणात? फोनवर आईला विचारलं, तू मिसरी लावलीस कवा? ती म्हणाली, शी, ते तुमच्या निपाणीचं खूळ, आम्हांला कुठलं. तेवढंच कारण असंल असं मी म्हणत न्हाय. पर माझा संशय तवा आक्कावरनं उठून मिसरीवर जाऊन बसला.

सोडली. डोकं ठणकायचं, मालकावर वसकायची, ते बिचारे विडी घिऊन रस्त्यावर जायचे. आत्ती रुसली. माझ्या हातची मिसरी तुला इख झाली व्हय गं. मी तिचे पाय दाबले, म्हटलं, आत्ती, एवढं एक पोर राहू दे, मग तुम्ही सांगशीला ते लावते. आता आत्ती मिसरी लावायला मागं परड्यात जाती, तोंड धुवूनच आत येती. सूप मात्र हाय मांडीवर, ते सोडून कसं भागायचं.

नववा लागलाय. पोट जरा आवळलं की जीव घाबरतो. आक्का म्हणाली, कळा आल्या की फोन कर, गाडीत मी संगं येते. येईल ती, शब्दाची पक्की हाय. माझ्याजवळ बसती का पुढं डायवरपाशी, ते तवा कळंल. कुठंबी बसू दे, तिचं भलं होवो, आत्तीचंबी होवो. जाताना कोण कुठं बसलं त्याचं मला काय न्हाय ताई, येताना मांडीवर पोर पायजे.