रेडिओ आणि मुका

—नाही, मी नाही हललो, तुमचाच हात हलला. बसतो ना नीट. आणि सुरकुत्या जरा कमी काढा, तो काही एवढा म्हातारा नव्हता. साहेबांना नाटकात म्हातारा हवाय म्हणून तो म्हातारा. काय? हो, बापच. माझा बाप. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? कमाल आहे, साहेब तर गावभर सांगत फिरतायत—'पोरगा वडिलांचंच काम करतोय, केवढी कौतुकाची गोष्ट!' करा, तुमचं चालू द्या. तोंड मिटायचं असेल तेव्हा सांगा. तसा मी बोलत नाही फारसा. आमच्या ड्रेनेज खात्यात मला मुकाच म्हणतात. बाहेर फळ्यावर नाटकाचं नाव वाचलंत ना—रेडिओ आणि मुका? रेडिओ म्हणजे बाप, मुका म्हणजे मी. आज मी रेडिओ झालोय, आणि मुका झालाय स्टोअरचा कारकून, ज्यानं जन्मात चेंबरचं झाकण उचललेलं नाही. पहार उलटी धरतो. सांगायला गेलं तर म्हणतो, लोक हसतायत ना, मग झालं.

जोडी विजोड होती हे मात्र खरं. तो सकाळी गाडीत चढला की सुरू—ड्रायव्हरशी, रस्त्यावरच्या कुत्र्याशी, कुणी नसलं तर चेंबरशी. आणि कामावर बाप नाही हा त्याचाच नियम. मला 'ए नवीन' म्हणायचा. घरी जेवताना 'घे रे अजून थोडं' आणि दारातून बाहेर पडलं की 'ए नवीन, पाइप उचल.' मी त्याला काहीच म्हणायचो नाही, म्हणून मुका. कॉलेज? सोडलं. का म्हणजे—कंटाळा आला. सगळ्यांना मोठं कारण लागतं, माझ्याकडे नाहीये. मग हा गेला साहेबांकडे, हात जोडून, पोराला चिकटवा म्हणून. साहेबांना हसवायची त्याला भारी हौस होती. चहाच्या वेळी त्यांच्या टेबलाशी उभा राहून आमचे किस्से सांगायचा—पोरगं कसं नाक मुरडतं, पहिल्या दिवशी कसं ओकलं, माझ्यादेखत. साहेब पोट धरून हसायचे, आणि साहेब हसले की याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडायचा की मला कानफटात मारावीशी वाटायची. कुणाला म्हणजे? त्यालाच, आणखी कुणाला. तर साहेबांना नाटकं लिहायची खाज. खात्याच्या वार्षिक कार्यक्रमाला दरवर्षी त्यांचंच नाटक. यंदा त्यांनी आम्हाला लिहिलं. रेडिओचं काम रेडिओच करणार होता. आरशासमोर संवाद पाठ करायचा, दात न घासता.

ते पांढरं काय लावताय? कानाला पण? लावा.

एक गोष्ट मात्र साहेबांनी घेतली नाही, झुरळांची. सांगू? झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही. उभं राहायचं. खाली हवा बरी असली तर उजेड पडल्याबरोबर झुरळं भिंतीवरून सरसर वर येतात. आली की बाप वाकून म्हणायचा, 'या मंडळी, घरी सगळे बरे ना?' आणि मगच पाय खाली. नाही आली, तर नाही उतरायचं. खाली झुरळ जगत नसेल तर आपण कोण लागून गेलो? एवढंच आमचं शास्त्र. मशीन वगैरे असतं म्हणतात, हवा मोजायचं. असेल. साहेब म्हणाले, छान आहे, पण स्टेजवर झुरळं कुठून आणू? काढून टाकलं. त्याच्या जागी आता मास्कचा प्रवेश आहे.

तो बघा, त्या खुर्चीवर. काळा. घ्या हातात, घ्या ना. नवाकोरा आहे, आतून रबराचा वास येतो. मीही परवाच पहिल्यांदा हातात धरला. नाटकासाठी मागवला. प्रवेश असा आहे—साहेबांचं काम करणारा नट रेडिओला मास्क देतो, पट्टा देतो, दोरी देतो, प्रेमानं समजावतो. आणि रेडिओ काय करतो? मास्क टोपीसारखा डोक्यावर घालतो. पट्ट्याला जेवणाचा डबा बांधतो. म्हणतो, 'साहेब, आमच्या बापजाद्यांनी कधी तोंड झाकलं नाही!' आणि उडी मारतो खड्ड्यात. मग खालून त्याचा आवाज, 'साहेब, डबा सांडला!' हशा. पडदा. तालमीत कारकून हसून हसून खाली बसला. मीही चांगलं करतो ते. बापाची चाल, बापाचा आवाज, सगळं येतं मला. हसू येतंय तुम्हालाही. येऊ द्या, मला काही वाटत नाही. खरंच वाटत नाही, त्या दिवसापासून सगळं कापसातून ऐकू येतंय.

हा प्रवेश आधी नव्हता. बाप गेल्यावर लिहिला.

हो, तसाच गेला. चेंबरमध्ये. मुख्य ऑफिसच्या मागचा चेंबर तुंबला होता, वरचे कोणी पाहुणे यायचे होते आणि अंगणात घाण पाणी. साहेब स्वतः उभे, नाकाला रुमाल, सारखे घड्याळ बघतायत. झाकण मी काढलं. उभे राहिलो. एक झुरळ नाही. मी बापाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे—आणि म्हणतो कसा, 'आली, आली साहेब, ही काय, केवढी आली!' साहेब कशाला वाकून बघतायत. म्हणाले, 'मग उतर ना, मुहूर्त काढायचाय का?' आणि हा उतरला. हसत. ज्यानं मला तो नियम कान पिळून शिकवला त्यानं, साहेबांना ताटकळायला नको म्हणून. मास्क नव्हता. पट्टा नव्हता. दोरी होती, ती बादलीची. बोलत बोलतच उतरला—'वरून जरा बादली अशी तिरकी—' आणि पुढे काही नाही. मी वाट बघत होतो, अशी तिरकी म्हणजे कशी.

मी उतरलो नाही. एक पडला की दुसऱ्यानं जायचं नाही, हेही त्यानंच शिकवलेलं. लोक म्हणतात पोरगं दगड आहे. असेल बुवा.

दाबा जरा, मिशी सुटतेय डावीकडे. हं. आता बसली.

बाहेर पहिल्या रांगेत मधोमध जाड चष्म्याचे गृहस्थ बसलेत ना, प्रमुख पाहुणे? बापाच्या मरणाची चौकशी त्यांच्याकडेच आहे. साहेबांनीच बोलावलंय. उद्या ते मला विचारणार—तुम्ही तिथे होतात, काय झालं? मी आणि साहेब सोडले तर बघणारं कोणी नव्हतं. आणि आज ते बघणार की रेडिओ हा असा होता, मास्क डोक्यावर घालणारा येडा. तेही त्याच्या पोरानं करून दाखवलेलं. मग उद्या मी कुठल्या तोंडानं सांगू की मास्क नव्हता? म्हणतील, अहो, कालच तर तुम्ही—काय? नाही, साहेबांनी असं काही म्हटलेलं नाही. ते कसे म्हणतील. ते म्हणाले, 'तुझ्या वडिलांना श्रद्धांजली आहे ही.' आणि जाता जाता, 'तुझी नोकरी कायम करायचं माझ्या डोक्यात आहे,' म्हणाले. अळीमिळी गुपचिळी.

त्यांच्या शेजारी आई आहे. ठेवणीतलं नेसून आलीय. तिला ठाऊक आहे सगळं. म्हणाली, 'कर रे बाबा, गेलेला काही परत येत नाही, तुझं तरी मार्गाला लागेल.' काकाही तेच म्हणाला. मुकादमही तेच. मोठ्या माणसांचं एक बरं असतं, मेलेल्याला परत मारायला सगळे एका मिनिटात एकमतानं तयार. आणि खरं सांगू, बापाला विचारलं असतं ना, तर त्यानंही सांगितलं असतं, 'कर ए नवीन, साहेबांचं काम आहे.' वर मास्क अजून कसा वाकडा घालायचा तेही दाखवलं असतं. तोच तर—

घंटा झाली का? पहिली की दुसरी?

...हो साहेब. तयार. हो, झालंच आहे. हुबेहूब? मेकअपवाल्यांची कृपा. येतो साहेब, या तुम्ही.

बघितलंत? रुमालानं नाक पुसत होते. मला वाटतं, डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं हो. त्याचंच नवल वाटतं.

मी काय म्हणतो, मिशी काढा. नाही, सैल नाहीये, चांगली बसलीय. काढा. ओढा. दुखत नाही मला. घंटा होऊ द्या, घंटेचं काय? त्यांना प्रवेश हवाय तर कारकुनानं करावा, उलटी पहार घेऊन. ओढा म्हणतो ना. तो पांढरा रंगही पुसा, कानावरचा राहिला तरी चालेल. उद्या विचारलं, मास्क होता का, तर मला 'नव्हता' म्हणायचंय. उतर कुणी म्हटलं, तर 'साहेबांनी.' दोन शब्द आहेत. आणि मी निघालो की आई उठली तर उठली, नाही तर बसेल.

तुम्ही एवढे का घाबरलात? तुम्हाला कोण विचारतंय? पैसे घ्या, पेटी आवरा आणि निघा. साहेबांनी विचारलं तर सांगा, मुका म्हणाला—नाही, काही सांगू नका. जाताना दार तेवढं उघडं ठेवा.