बांधावरची पत्रावळ

…न्हाई, पन जित्त्या मानसाला असं जेवू घालत्यात का? तुमीच सांगा! पत्रावळीवर भात, भातावर दही, पत्रावळ बांधावर ठिवायची, ठिवून कासराभर मागं सरकायचं, पदर नाकावर धरायचा आन् लांबनं हाका मारायच्या, "याऽ मामा, याऽ! खाऊन घ्याऽ!" आवं, ही जेवायला बोलवायची तऱ्हा झाली का? असं कुनाला बोलवत्यात, तुमाला ठावं हाय न्हवं? माझ्या तर तोंडात घास फिरंना. मी कोठ्यातनं वरडलो, "वर्षाराणी, जित्ता मानूस हाय मी, जित्ता!" तर म्हन्ती कशी, "व्हय मामा, पन अगुदर आमाला जाऊ द्या, मग या."

बगा!

वर्षाराणी म्हंजी आमची सून. कोठा म्हंजी रानातला पत्र्याचा, बैलं व्हती तवाचा. आन् मी त्या कोठ्यात कावून जाऊन पडलतो? तर सटव्यामुळं. सटवा माझा दोस्त, नांदूरघाटचा. कोरोनाच्या पैल्या उन्हाळ्यात गेला. "कोरोनानं न्हाई बरं का, म्हातारपनानं," त्याचं पोरगं येईल त्याला सांगत व्हतं. दहाव्याला मी गेलतो, पोलिसाला चुकवून, रानारानानं. पिंड ठिवला, समदे मागं सरकले, आन् कावळा काय शिवंना! लिंबावर एकच कावळा, मानंची पिसं झडल्याला, बोडका, बसून निस्ता बगतोय. पोरगं म्हन्तंय, "दादा, आईला संभाळतो." न्हाई. "दादा, बहिनीला दिवाळीला आनतो." न्हाई! मग कुनीतरी म्हन्लं, आरं बाबा, त्याच्या रेडिओचं बोल. पोरगं म्हन्लं, "दादा, तुमचा रेडिओ कुनाला देनार न्हाई," आन् बोडक्यानं टपकन येऊन चोच मारली की! तुमाला हसू येतंय… मलाबी आलतं. पन मी हसताना त्यो पिंड सोडून माझ्याकडं बगत व्हता.

आन् तिथं पुण्याहून आल्याला एकजन निघाला पॉझिटिव्ह. झालं! दुसऱ्याच दिशी सरपंच मोहनराव आमच्या दारात… दारात कसले, पार रस्त्याच्या पल्याड उभं राहून बोलत्यात, "पंडितराव, काही दिस रानात राहा. तुमचं वय झालंय. टीव्हीवर सांगत्यात, म्हातारी मानसं पैली…" पैली काय? पैली काय, मोहनराव? पुढचं बोललाच न्हाई बाबा, गेला निघून. पैल्या पंगतीला बसवनार व्हते का काय आमाला!

मी निघालो तर सुनंनं माझी बसायची जागा शेनानं सारवून काडली. बाज उनात उभी केली. माझं अंथरून वेशीभायेर! पोरगं रानापतोर सोडाया आलं, पिशवी ठिवली आन् गेलं, मागं वळून बगितलं न्हाई. घरी जाऊन डोक्यावरनं आंघोळ केली म्हने. आता हे समदं कवा करत्यात? मानूस कुटं पोचवून आल्यावर करत्यात? मी आपला मनाला समजावतोय, पंडित, जित्ता मानूस हाय तू, रोगाची साथ हाय, डाक्टरनंच सांगितलंय असं वागायला. पन मन कुटं ऐकतंय! तेवढ्यात बांधाकडनं अजिनाथ आला शेरडं घिऊन. माझा रोजचा गडी, तंबाखूचा सोबती. मी हात वर केला, "अजिनाथ, ये की!" त्यानं उपरनं तोंडाला लावलं, थांबला, दोनी हात जोडून मला नमस्कार केला, डोळे मिटून… आन् शेरडं हाकीत गेला. आरं बे, तंबाखूच्या सोबत्याला कुनी डोळे मिटून नमस्कार करतं का?

तवा मात्र माझी टरकली. पैल्यांदा पाय बगितले. सरळ व्हते. भुताचे उलटे असत्यात म्हनून बगितले, हसू नगा. मग म्हन्लं सावली बगावी. भायेर आलो तर ऊन डोक्यावर, वैशाखाचं, आन् खाली सावलीच न्हाई! पुढं न्हाई, मागं न्हाई. गरागरा फिरलो सोताभवती. रानात चिटपाखरू न्हाई, पत्रा तापून आपला कडाक कडाक वाजतोय, आन् मी बिनसावलीचा उभा. कुनाला इचारू? फोनची बॅटरी मेल्याली… तिचं तरी समद्यांला ठावं व्हतं!

मग मला एक इलाज सुचला. कौशल्याबाई, आमची मंडळी, रोज सुनंसंगं यायची. तिच्या कपाळाला कुकू हाय म्हंजी मी हाय. सोपं हाय का न्हाई? पन ती पदर वरनं भुवईपतोर वडायची, खालनं नाकापतोर, मधी निस्ते डोळे. मी वरडलो, "कौशल्ये, पदर वर कर! कपाळ दाव!" तर सून म्हन्ती, "आत्या, मामाला ताप चढला वाटतं." आन् दोघी आनखी मागं सरकल्या!

आन् त्या दिशी त्यो आला. बाभळीवर. मानंला पिसं न्हाईत. कुटं नांदूरघाट, कुटं माझं रान, पन त्योच! दोघी बायका लांब उभ्या. मी कोठ्याच्या दारात. मधी पत्रावळ. कावळा खाली बगतोय, वर बगतोय, शिवंना. पैल्यांदा म्हन्लं, बरं झालं, शिवंना म्हंजी जित्ता मानूस हाय मी. मग आठवलं… सटव्याच्या येळंला बी शिवत नव्हता की! म्हंजी माझंच काहीतरी राहिलंय. आता मला कोन काय कबूल करनार? मीच म्हन्लं, पंडित, तुझी दाताची कवळी कुनाला देनार न्हाई बाबा. कावळ्यानं मान फिरवली. कवळी त्याला बी नगं व्हती.

आन् मग माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, आतलं, खरं. म्हन्लं, मला मरायचं भ्या न्हाई रे. एकट्यानं मरायचं भ्या हाय. हितं पत्र्याखाली डोळे मिटले तर ह्या लांबनंच हाका मारतील, कुनीतरी परकी मानसं पिशवीत बांधून न्हेतील, आन् कौशल्याचा हातबी लागायचा न्हाई मला. जाताना कुनीतरी हात धरावा. बास, दुसरं काही नगं.

टपकन खाली आला. भातात चोच मारली.

माझे पाय गार पडले बगा. म्हन्लं संपलं, मोकळा झालास पंडित… तेवढ्यात "हाऽड! हाऽड! तुझ्या मड्यावर इंगळ ठिवला! जित्त्या मानसाचं ताट शिवतो व्हय रे!" चप्पल हातात घिऊन कौशल्या पळत सुटल्याली. मागं सून वरडती, "आत्या, पुढं जाऊ नगा, पुढं जाऊ नगा!" कुटलं कासराभर आन् कुटलं काय! बांध वलांडला, पत्रावळ वलांडली, येऊन माझं मनगटच धरलं. पळताना पदर पडल्याला. मी कपाळ बगितलं…

कोरं!

"कौशल्ये, तुझं कुकू…?"

"घामानं जातंय! टिक्लीचं पाकीट सरलं, दुकानं बंद, डबीतलं लावावं तर ह्या पदरानं पुसतंय! तुमाला आत्ताच बरं माझं कपाळ दिसलं?"

"म्हंजी मी… हाय?"

"मग मेल्या मानसाचा हात धरून उनात उभी राहाया मी काय खुळी हाय?"

तिनं मनगट काही सोडलं न्हाई. हात गरम व्हता. तिचा का माझा, ते कळंना. मी रडलो, तुमाला सांगतो, लेकरावानी रडलो.

सांजच्याला मोहनराव रानात आले, बांधाच्या पल्याड. "कौशल्यावैनी, शिवलात न्हवं? आता तुमीबी हितंच ऱ्हावा." ऱ्हायली. दुसऱ्या दिशी बांधावर दोन पत्रावळी. सून लांबनं हाका मारती, "याऽ मामा! याऽ आत्या!" मी छाती काडून वरडलो, "जित्ती मानसं हाव आमी, जित्ती!" आन् बाभळीकडं बगितलं.

कावळे दोन.

म्हन्लं, "कौशल्ये, बोडका तर माझा. ह्यो दुसरा कोन गं?"

तिनं मान वर न करता भात कालवला. म्हन्ली, "माझा असंल. त्याला बी घास काडून ठिवा… आन् तुमी जेवा गप, लई बोलता."