सोनेरी कडेची पट्टी

(फोनवर.)

वडील : ...कॉम्प्युटर तीनदा टुंई करतो आणि गप्प बसतो. पडद्यावर काळोख.

मुलगी : रॅम सैल झाली असेल, बाबा. भिंतीतला प्लग काढलात ना?

वडील : काढला. डब्याचं झाकणही काढलंय. एवढी धूळ माझ्या शिवणाच्या दुकानातसुद्धा नसायची.

मुलगी : आत एक लांबट हिरवी पट्टी उभी दिसेल. दोन्ही टोकांना खटके.

वडील : दिसली.

मुलगी : आधी डब्याच्या लोखंडाला हात लावा. मग खटके बाहेर ढकला आणि पट्टी सरळ वर उचला.

वडील : आली. म्हणजे तुझे फोटो गेले सगळे.

मुलगी : नाही हो. फोटो हार्डडिस्कमध्ये. ते तुमचं कपाट. रॅम म्हणजे कापड बेतायचं टेबल. वीज गेली की टेबल रिकामं. कपाटाला धक्का नाही.

वडील : मग टेबल म्हण की. रॅम कशाला?

मुलगी : आता तिची सोनेरी कड खोडरबरानं हलकेच पुसा.

वडील : हिच्यावर मेमरी लिहिलंय. मेमरी म्हणजे आठवणच ना?

मुलगी : हो.

वडील : आणि ती खोडरबरानं पुसायची.

मुलगी : बाबा, मला मीटिंगला जायचंय.

वडील : पुसतो, बाई. माझ्याकडे खडू आहे.

मुलगी : खडू नको!

वडील : मग तुझ्या कंपासपेटीत बघतो.

मुलगी : ती ठेवलीत अजून?

वडील : टाकायला कोणी सांगितली?

मुलगी : पुसून झालं की खाच बघून बसवा आणि जोरात दाबा. खटके आपोआप मिटतात. ठेवू?

वडील : ठेव.

(काही दिवसांनी, वडिलांच्या खोलीत. मुलगी टेबलाखाली वाकलेली, आई दारात.)

आई : भेटायला येणारे आत्ता कुठे थांबले, तर तू टेबलाखाली.

मुलगी : पट्टी पुसलीय त्यांनी. लख्ख. पण एका बाजूचा खटका उघडाच राहिलाय.

आई : जोर लावला तर मोडेल म्हणाले. सकाळी तुला विचारणार होते. सकाळी उठलेच नाहीत.

मुलगी : तेव्हाच का नाही केला फोन?

आई : मी म्हटलं, करा. म्हणाले, नको, चिडेल.

मुलगी : असं म्हणाले?

आई : नेहमीचंच. तुझा फोन ठेवला की मला विचारायचे, चिडली होती का गं?

मुलगी : तू काय सांगायचीस?

आई : सांगायचे, आवाजच तसा आहे तिचा. बापावर गेलाय.

मुलगी : मग?

आई : मग खूश.

मुलगी : ...बसली. प्लग लाव.

आई : लावला. अगं, एकदाच टुंई झालं. आणखी बिघडलं का?

मुलगी : एकदाच म्हणजे ठीक आहे.

आई : आला बघ उजेड. ऊठ, खुर्चीवर बस नीट.

मुलगी : त्यांची आहे ती.

आई : खुर्चीच आहे. बस.

मुलगी : मी चिडायचे नाही, आई.

आई : मला काय सांगतेस? मी कुठं विचारलं होतं?

मुलगी : बाबा, मी चिडलेली नसायचे. तुम्ही मला फार आवडायचात.